लोपणारा कंदील

आमच्या बालपणी वडील रात्री बाजाराहून परतत, तेव्हा आई ओटीवर उभी राहून दूरवरच्या त्यांच्या कंदिलाकडे पाही. उजेड क्षणभर लोपला की म्हणे, “आले हो आंबराईपाशी!” एकदा तो लोपला, तो पुन्हा दिसेचना. तिने गड्यांना थेट आंबराईत धाडले. पाय मुरगळून पडलेले वडील तेथेच सापडले.

क्वेसार हे विश्वाच्या दूर टोकाचे असेच कंदील. त्यांचा प्रकाश अब्जावधी वर्षे चालून येतो, आणि वाटेतला विरळ हायड्रोजन त्यातील १२१६ अँगस्ट्रॉमची लहर गिळतो. विश्वाच्या प्रसरणाने लहरी वाटेत लांबत जातात. म्हणून जवळच्या व दूरच्या वायूच्या काळ्या रेघा वर्णपटात निरनिराळ्या जागी उमटतात. एका क्वेसारच्या वर्णपटातील रेघांची दाटी अशा हायड्रोजनचीच होय, असे रॉजर लिंड्स यांनी १९७१ साली मांडले. ज्योतिषी या दाटीला अरण्य म्हणतात. तिच्यावरूनच दीर्घिकांमधील पोकळीत पसरलेल्या वायूच्या विशाल जाळ्याचा माग लागतो.

काळोख म्हणजे रितेपणा, असे आम्ही उगाच समजत आलो. उजेड कोठे लोपला, हे आई मात्र ध्यानात ठेवी. आणि त्यामुळेच वडील त्या रात्री घरी आले.