पायांची साक्ष

घोडा सावकाश चालत असताना कान देऊन ऐकलं, तर त्याच्या पावलांचे चार वेगळे ठोके ऐकू येतात. तो दुडक्या चालीवर आला की दोन-दोन पाय एकदम पडू लागतात, चाराचे दोन ठोके होतात आणि त्या दोहोंच्या मधल्या हिसक्याने स्वाराची कंबर खिळखिळी होते. काही घोड्यांकडून मात्र वेग वाढला तरी ते चार ठोके सुटत नाहीत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ‘टेनेसी वॉकिंग हॉर्स’ नावाची जी जात निपजली, ती अशांपैकी. हा घोडा वेगात असतानाही चालतच राहतो. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाला ओलांडून पुढे पडतो, दर पावलाला मान खालीवर होते, कान त्या लयीत झुलतात आणि एखाद्याचे तर दातही त्याच तालावर हलकेच वाजतात. पाठीवरचा माणूस मात्र निवांत बसलेला असतो.

ही चाल रक्तातून येते. १८८६ साली जन्मलेला ब्लॅक ॲलन नावाचा काळा घोडा दुडक्या चालीच्या शर्यतींसाठी तयार केला जात होता, पण तो एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने टाकी. शर्यतीच्या दृष्टीने हा दोषच, म्हणून तो कुणाकडे टिकला नाही. १९०३ मध्ये टेनेसीतल्या जेम्स ब्रँटली यांनी तो घेतला, आणि पुढे १९३५ साली लुईसबर्गला पैदासकारांची संघटना निघाली तेव्हा वंशावळीत मूळपुरुषाचा पहिला क्रमांक याच नाकारलेल्या घोड्याला मिळाला. ही कथा वाचून बरं वाटतं, आणि मग लगेच दुसरी एक गोष्ट आठवून जीव थोडा आक्रसतो. या घोड्यांच्या त्याआधीच्या पूर्वजांवर बसून दक्षिणेकडचे मळेवाले आणि त्यांचे मुकादम दिवस दिवस शेतांवर फिरत असत. खाली राबणारी माणसं गुलाम होती. कुणाच्या तरी सुखासाठी दुसऱ्याच कुणाचं अंग झिजण्याची ओळख या मातीला जुनीच होती म्हणायची.

शेल्बिव्हिल हे त्याच मुलखातलं लहानसं गाव. १९३९ पासून तिथे दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस या घोड्यांचा मोठा सोहळा भरतो. पहिल्या वर्षीचा महाविजेता होता स्ट्रोलिंग जिम. आधी तो गाडी-नांगराला जुंपलेला कष्टकरी घोडा होता. पुढे १९५० च्या दशकात प्रेक्षकांच्या डोळ्यांना हळूहळू आणखी काही हवंसं वाटू लागलं. पुढचे पाय अधिक उंच, अजून उंच, जवळजवळ छातीपर्यंत उचललेले, आणि मागचं अंग असं दबलेलं की घोडा खाली बसता बसता चालतोय असं वाटावं. या चालीला तिथे ‘बिग लिक’ म्हणतात. तिच्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत. दिव्यांचा झगझगाट, ऑर्गनचे सूर, नटलेले स्वार, आरोळ्या, आणि त्या सगळ्याखाली, लक्ष दिलं तरच ऐकू येणारा, साखळ्यांचा खळखळाट.

इतका उंच पाय घोडा आपणहून उचलत नाही. जमीन भाजावी तसं पावलाला झालं, तरच उचलतो. म्हणून खुराच्या लगेच वरच्या नाजूक भागाला रसायन चोळतात: डिझेल, रॉकेल, मोहरीचं तेल. फोडणीचं नव्हे, मोहरीतला सगळा झणका ज्यात एकवटलेला असतो, ते जहाल अर्कतेल. मग त्यावर प्लॅस्टिक गुंडाळतात आणि औषध आत मुरावं म्हणून घोडा तसाच तबेल्यात ठेवतात. पुढे त्याच सोललेल्या जागेवर साखळी चढते. तिचं वजन नियमाप्रमाणे सहा औंसांपर्यंत, म्हणजे १७० ग्रॅमच्या आसपास. दर पावलाला ती तिथेच आपटते. खुराखाली जाड थर ठोकलेले असतात, आणि कधी त्या थरांच्या आत, तळव्याला टोचेल असं काहीतरी कठीण दडवलेलं असतं.

मोहरीचं नाव वाचलं आणि माझं मन भलतीकडेच गेलं. लहानपणी छाती भरली की आजी मोहरी वाटून तिची पोटीस फडक्यात घालून छातीवर ठेवायची. आधी नुसता गारवा, मग ऊब, मग एकाएकी आग. आजी उशाशी बसलेली असायची. दर थोड्या वेळाने फडक्याचं टोक उचलून कातडी किती लाल झाली ते बघायची, आणि मी “भाजतंय गं” म्हटलं की दुसऱ्या क्षणाला पोटीस बाजूला होऊन तिथे खोबरेल तेलाचं बोट फिरायचं. औषधाला औषधपण होतं ते माझ्या त्या दोन शब्दांमुळे, आणि ते ऐकायला कुणीतरी बसलं होतं म्हणून.

घोड्याला ‘भाजतंय’ म्हणता येत नाही. त्याच्याजवळ त्यासाठी एकच गोष्ट आहे: हात लागला की पाय झटकन मागे घेणं. अमेरिकेत १९७० साली मेरीलँडचे सिनेटर जोसेफ टायडिंग्ज यांच्या पुढाकाराने घोड्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हापासून रिंगणात उतरण्याआधी तपासनीस घोड्याचा पाय उचलतो आणि खुराच्या वर दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू, जागा बदलत दाबत जातो. घोडा दचकला तर तो बाद. सारा कायदा या दचकण्यावर उभा आहे. हे कळल्यावर काही चाबूकस्वारांनी जे केलं, ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्यांनी घरीच खोटी तपासणी सुरू केली. दुखऱ्या पायाला हात लावायचा, आणि घोडा हलला की त्याच क्षणी त्याला दुसरीकडे जबर मारायचं किंवा विजेचा झटका द्यायचा. हळूहळू घोडा शिकतो की हललो तर जास्त दुखतं. मग खऱ्या तपासनिसाचे अंगठे पायावर फिरतात तेव्हा तो डोळे विस्फारून, श्वास रोखून, दगडासारखा उभा राहतो. त्याच्या दुःखाची एवढी एकच साक्ष होती, ती त्याच्याचकडून खोटी वदवून घेतली जाते. रसायन आणि साखळ्यांपेक्षाही मला हे अधिक भयंकर वाटतं, कारण इथे मदतीला आलेला हातच त्याला वैरी वाटू लागतो.

डोळ्यांना न दिसणारी जळजळ उष्णतेच्या छायाचित्रात दिसते, हे अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं, त्यालाही आता चार दशकं होऊन गेली. पण तपासनीस बहुतेक वेळा स्पर्धा भरवणाऱ्यांच्याच व्यवसायातून नेमले जात. २०१० मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षणाने या हितसंबंधांवर बोट ठेवलं. २००६ मध्ये सरकारी तपासनिसांनी कडक तपासणी केली तेव्हा इतके घोडे बाद झाले, की शेल्बिव्हिलला त्या वर्षी महाविजेताच जाहीर झाला नाही. २०१२ मध्ये एका नामांकित प्रशिक्षकाच्या तबेल्यातलं गुप्त चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं; त्याने गुन्हा कबूल केला, ७५ हजार डॉलर दंड आणि तीन वर्षांची देखरेखीची शिक्षा झाली.

त्या माणसाचा तिरस्कार करणं सोपं आहे, आणि तो मला वाटतोही. पण चित्रफितीत माझी नजर वारंवार प्रेक्षकांकडे जाते. आजी-आजोबा आहेत, मांडीवर नातवंडं आहेत, चेहऱ्यांवर निखळ कौतुक आहे. यांतल्या पुष्कळांच्या घरी घोडे असतील, रात्री उठून ते त्यांना पाणी पाजत असतील. आणि तरीही पाय जितका वर जातो तितक्या टाळ्या वाढतात. टाळी वाजवणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसतं. पाय इतका वर का जातो, एवढं विचारायचं तेवढं राहून जातं.

आपल्याकडे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला माणसं येतात आणि राजस्थान-गुजरातेतून मारवाडी, काठियावाडी घोडे येतात. त्यांतही रेवाल चालीचे, पाणी न हिंदकळता चालणारे घोडे असतात, आणि त्यांच्या भोवती जाणत्यांची गर्दी असते. ढोलावर घोडा नाचू लागला की अंगावर काटा येतो, हे खरं आहे. पण वरातीत नाचणाऱ्या कितीतरी घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम असतो. १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे, तरी तो सापडतो. त्यामुळे आता घोडा नाचताना दिसला की माझी नजर आधी त्याच्या जिवणीच्या कोपऱ्यांकडे जाते.

तिकडे अमेरिकेत टायडिंग्ज २०१८ मध्ये गेले. त्यांच्या नावाचं नवं विधेयक २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने ३३३ विरुद्ध ९६ मतांनी मंजूर केलं, २०२२ मध्ये पुन्हा केलं. सिनेटमध्ये ते अडकून राहिलं. २०२४ मध्ये कृषी खात्याने नियमच बदलून या जातीच्या घोड्यांच्या साखळ्या आणि खुरांखालचे थर बंद करायचं ठरवलं, पण ते अमलात येण्याच्या तोंडावर, जानेवारी २०२५ च्या अखेरीस, टेक्सासमधल्या संघराज्य न्यायालयाने ते रद्द ठरवलं. हे वाचताना राग येतो, आणि रागापेक्षा जास्त हळहळ वाटते, कारण विधेयकाचं मागणं काही फार मोठं नाही: साखळी काढा, थर काढा, तपासनीस बाहेरचा नेमा, शिक्षा वाढवा. त्याने शेल्बिव्हिलचा सोहळा बंद पडायचं काही कारण नाही. साध्या नालांवर चालणाऱ्या घोड्यांचे वर्ग तिथे आजही भरतात, आणि त्यांचे स्वारही तितक्याच हौसेने नटून येतात.