दगडावरून पातं उचललं की

गेल्या रमजानपासून मला दगडाचा आवाज ऐकू येत नाही. उजवा कान आधीच गेला होता, आता डावाही गेला. डॉक्टरांनी यंत्र दिलंय. त्यातून माणसांचं बोलणं येतं, पण सहाणीवर पातं टेकवलं की नुसती खरखर कानात भरते, म्हणून कामाला बसताना मी ते काढून खिशात ठेवतो. धंद्यातल्या माणसाला यापुढचं सांगायला नको. पातं उतरत आलं की आवाज कसा बारीक होत जातो आणि धार लागायच्या जरा आधी तो कसा सुईसारखा टोकाला येतो, हे ज्याने एकदा ऐकलंय त्याला चष्म्याची फार गरज पडत नाही.

पण कान गेल्याचं दुःख सांगायला मी लिहायला बसलेलो नाही. आवाज गेला त्याच आठवड्यात माझा जिक्रही, म्हणजे मनातलं अल्लाहचं स्मरणही, बंद पडलेला मला आढळला, आणि ते अजून मनातून जात नाही.

अब्बांनी मला दोन्ही गोष्टी एकदमच शिकवल्या होत्या. पातं पुढे लोटताना श्वास बाहेर, ‘ला इलाह’. मागे ओढताना श्वास आत, ‘इल्लल्लाह’. ओठ हलवायचे नाहीत, शेजारच्याला कळता कामा नये. चिश्ती सिलसिल्यात याला पास-ए-अनफास म्हणतात, म्हणजे श्वासांची राखण. अब्बा त्याला नुसतं ‘याद’ म्हणायचे. मी पंधराव्या वर्षी सहाणीवर बसलो. तेव्हापासून ऊसतोडीचे कोयते, खाटकांचे सत्तूर, शिंप्यांच्या कात्र्या, चपला करणाऱ्यांच्या रापी, न्हाव्यांचे वस्तरे, आयाबायांच्या विळ्या, जे आलं ते त्या श्वासांवरच पाजवलं. पन्नास वर्षांची याद किती होईल, याचा हिशेबही मी मनात करून ठेवला होता. तो आकडा माझा मलाच फार आवडायचा.

आणि कान गेल्यावर तिसऱ्या दिवशी, असरच्या नमाजनंतर, एक सत्तूर घासताना जाणवलं की हात चाललाय, श्वास चाललाय आणि आत कुणी काहीच म्हणत नाही. दगड फिरताना जो सूं सूं नाद यायचा त्यालाच मी इतकी वर्षं कलमा समजत आलो होतो का? नाद थांबला तसा कलमाही थांबला. मोटर बंद करून मी बराच वेळ तसाच बसलो.

आम्ही शिकलगार, आणि हा शब्दच मुळी यादेपासून लांब नाही. अरबीत सैकल म्हणजे घासून लख्ख करणं. त्यावरून फारसीत सैकलगर झाला आणि आपल्याकडे येता येता तो शिकलगार झाला. धार लावणं हे आमचं पोटापुरतं काम. मूळ काम शिकल करणं, पात्यात तोंड दिसेल इतकं ते उजळणं. प्रत्येक वस्तूला तिची शिकल असते आणि काळजाची शिकल म्हणजे अल्लाहची याद, अशी एक रिवायत आहे. ती मी लहानपणी ऐकली तेव्हा मला वाटलं, ही आमच्या बिरादरीसाठीच सांगितलीय.

त्याहून मोठी गोष्ट मला पुढे कळली. आमच्याकडे इहसान म्हणून एक शब्द आहे. जिब्रील अलैहिस्सलाम माणसाच्या रूपात येऊन पैगंबरसाहेबांना (स.) विचारतात, इहसान म्हणजे काय? उत्तर असं मिळतं की तू अल्लाहला पाहतो आहेस अशी त्याची इबादत करावी, आणि ते जमत नसेल तर तो तुला पाहतोय हे तरी धरून चालावं. ही हदीस सगळ्यांना ठाऊक असते. पण ‘सहीह मुस्लिम’मध्येच दुसरी एक हदीस आहे, शद्दाद बिन औस यांच्याकडून आलेली. अल्लाहने प्रत्येक कामात इहसान ठेवलाय, असं सांगून ती लगेच जबह करण्यावर येते. पात्याला नीट धार लावा, जनावराला आराम द्या, असं ती सांगते. तोच शब्द एकीकडे देवाला पाहण्यासाठी आणि दुसरीकडे सुरी पाजवण्यासाठी! ज्या दिवशी एका मौलानांच्या जुम्म्याच्या बयानात मी हे ऐकलं, त्या दिवशी घरी चालत जाताना जमिनीला पाय लागत नव्हते.

पुढची कितीतरी वर्षं मी ही हदीस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलो. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात दुकानासमोर रांग लागते, तेव्हा तर हमखास. लोक मान डोलवायचे, ‘चाचा, तुमचं काम म्हणजे इबादतच’ म्हणायचे. ते म्हणावेत म्हणूनच मी सांगत होतो. आज हे लिहिताना हात जड होतोय, पण ते तसंच होतं.

माझी खरी अडचण या जागेपाशीच आहे. पातं दगडावर असताना याद टिकते. मी नादाच्या आधाराने टिकवत होतो, दुसरा कुणी दुसऱ्या कशाच्या आधाराने टिकवत असेल, पण टिकते. घासणं एकसुरी असतं, मनाला तिथे फारसं काम नसतं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, कुणी बोथट झालेली कात्री परत आणून आपटली, तेव्हा ती तुटते. तेही समजण्यासारखं आहे, राग आला की सगळ्यांचीच तुटते. पण त्या दोन्हींच्या मध्ये एक क्षण आहे. काम झालेलं असतं, दगडावरून पातं उचललेलं असतं, आणि धार लागली का ते बघायला अंगठा आडवा फिरवायचा असतो. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरातले कामगार ज्याला ‘बर’ म्हणतात ती केसासारखी उलटलेली कड निघून गेलेली असते, अंगठ्याच्या कातडीला पातं हलकंच चिकटतं, आणि आतून कोणीतरी म्हणतं, वा! मी लावली. नुसतं एवढंच. भांडण नाही, राग नाही, पैसा नाही. आणि त्या पापणी लवण्याइतक्या वेळात अल्लाह कुठेच नसतो. मी असतो.

आमच्याकडे याला नावं आहेत. लोकांना दाखवायला केलेली इबादत ती रिया, आणि कुणी बघत नसताना स्वतःवरच खूश होणं तो उज्ब. रियावर इलाज आहे, काम लपवून करा. उज्बला कुठे लपवणार? बघणारा आतच बसलेला. अंगठा न लावता पातं द्यायचं ठरवून पाहिलं. मग ‘बघा, मी न बघताच देतो’ याचा उज्ब झाला. अंगठा फिरवतानाच ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणायची सवय लावली. महिनाभरात तो शब्द अंगठ्याला चिकटला आणि मन मोकळं सुटलं. तीस-एक वर्षं मी या एका क्षणाशी झगडतोय. रोज शे-दीडशे वेळा तो येतो आणि बहुतेक वेळा मला पाडूनच जातो.

अब्बा धार गिऱ्हाइकासमोर कधी बघत नसत. मूठ पुढे करून सुरी द्यायचे आणि तोंड दुसरीकडे फिरवायचे. लोकांना तो उद्धटपणा वाटायचा, मलाही वाटायचा. आता मी त्यांच्या वयाचा झाल्यावर वाटतं, कौतुक कानावर पडायच्या आत ते निघून जात असत.

इमाम गजालींच्या ‘इह्या’मध्ये मुराकब्याच्या, म्हणजे अल्लाहची नजर आपल्यावर आहे याची जाण राखण्याच्या प्रकरणात एक गोष्ट आहे. एका शेखने आपल्या शागिर्दांना एकेक पाखरू आणि एकेक सुरी दिली. कुणी बघत नसेल तिथे जाऊन जबह करून आणा, असं सांगितलं. सगळे कापून आले. एकजण जिवंत पाखरू घेऊन परतला, कारण कुणी बघत नाही अशी जागाच त्याला सापडली नव्हती. अब्बांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मी विचारलं, सुरीला धार होती का? अब्बा घासायचं थांबले. म्हणाले, असणारच. धार नसती तर परत आणण्यात काय मोठं होतं? मग पुन्हा घासायला लागले. या गोष्टीचा अर्थ मी कितीजणांकडून ऐकला असेल, पण अब्बांचं ते उत्तर मला सगळ्यांहून खोल वाटतं.

आमच्या दुकानापासून शाहूपुरीतली कुंभार गल्ली जवळ आहे. तिथले एक मूर्तिकार माझे जुने स्नेही, माळकरी, दरवर्षी वारीला जाणारे. त्यांच्या कोरण्या मीच पाजवतो. नामस्मरणाचा विषय निघाला की ते गोरोबाकाकांवर येतात. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात इतके बुडाले की पायाखाली लेकरू आलं तरी कळलं नाही. स्नेह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही येतं. पण मी त्यांना म्हणतो, दादा, मला तसं बुडता येत नाही, माझ्या हातात पातं आहे. तरुणपणी एकदा मी असाच धुंदीत होतो, खूप गोड वाटत होतं, आणि डाव्या अंगठ्याचं टोक गेलं. अब्बांनी पट्टी बांधता बांधता विचारलं, कुठे होतास? मी ऐटीत म्हटलं, यादेत. ते म्हणाले, यादेत असतास तर पातं दिसलं असतं. स्नेही यावर म्हणतात, तुमच्या वाटेला सावतोबा जवळचे, मळ्यात काम करता करताच ज्यांना पांडुरंग दिसला. असेल. आमचं हे बोलणं वीस वर्षं चाललंय आणि दोघांनाही ते संपवायचं नाही.

धंद्याचं म्हणाल तर तो उतरलाय. पट्ट्याच्या मशिनीवर पोरं अर्ध्या मिनिटात सुरी ओढतात, पाणी लावत नाहीत, पातं निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी मेलं. दुसऱ्या दिवशी धार बसते, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नवी सुरी घेतं. शिकल करून घ्यायला तर खंडेनवमीच्या आधी कुणी घरातली जुनी तलवार आणली तरच. यादेचंही तेच झालंय, असं मला वाटतं. बोटात आकडे मोजायचं यंत्र अडकवायचं आणि गप्पा मारता मारता बटण दाबत राहायचं. मला ते बघवत नाही. पण एवढं लिहिल्यावर मला माझाच लाखांचा हिशेब आठवतो. त्यांचं यंत्र बोटात होतं, माझं दगडात. मग त्यांना बोलायचा मला काय हक्क?

2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली आणि दुकानात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर लोकांची ठेवायला दिलेली सगळी पाती तांबूस झालेली. चारच दिवसांत! माणसाच्या काळजावर त्याच्या करणीचा गंज चढतो, असं कुराणात आलंय. मी ते शंभरदा पढलो असेन, पण गंज किती लवकर चढतो ते तेव्हा पाहिलं. राख, चिंच आणि तेल घेऊन महिनाभर बसलो होतो. तेव्हा आवाज होता. तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता, असं मी सगळ्यांना सांगत आलो. आता तेवढ्या ठामपणे सांगवत नाही.

रात्री इशानंतर मी दिवसाचा हिशेब घेतो, त्याला मुहासबा म्हणतात. पढणं अरबीत असतं, घरात बोलणं दखनीत. ही कबुली मात्र माझ्या तोंडून मराठीतच येते. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. 1906 साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी ती उभी राहिली, आणि ईदची नमाज आम्ही तिच्याच मैदानावर पढतो. कुराण मराठीत यावं म्हणूनही महाराजांनी खटपट केली होती. इथल्या मुसलमानाला आतलं बोलणं कोणत्या भाषेत फुटतं, हे त्या राजाला कळलं होतं, असं मला नेहमी वाटतं. तर त्या कबुलीत हल्ली एकच वाक्य असतं. आज किती वेळा उचललं आणि किती वेळा मीच होतो.

मुलीचा मुलगा गेल्या वर्षापासून दुकानात येतो. बारावी झालीय, पुढे काय ते ठरायचंय. आधी कानात गाणी लावून बसायचा, मी रागवायचो. आता तोच माझे कान आहे. मी घासत असताना तो बाजूला उभा राहून दगड ऐकतो आणि आवाज टोकाला आला की माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवतो. सुरुवातीला तो घाई करायचा, आता बरोबर ठेवतो. आधी मी फक्त धारेची वाट बघायचो. आता त्याच्या बोटांची बघतो, आणि ती कधी पडतील ते माझ्या हातात नसतं. त्या वाट बघण्यात मधूनच श्वास आपोआप सापडतो, नादाशिवाय. सापडला म्हणून खूश झालो की जातो.

यंदा बकरी ईदच्या आदल्या रात्री शेवटची सुरी गल्लीतल्याच एकाची होती. बकरा बाहेरच बांधलेला. पोराने न सांगता उठून मध्ये पोतं टांगलं. जनावरासमोर पातं पाजवू नये, हे मी त्याला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. मी घासायला लागलो. बराच वेळ खांद्यावर काही आलं नाही. मग दोन बोटं आली. मी पातं उचललं आणि अंगठा फिरवायच्या आधी ते त्याच्याकडे दिलं. त्याने दिव्याखाली धरलं, अंगठा आडवा फिरवला, माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. यंत्र माझ्या खिशात होतं. झाली म्हणाला की अजून जरा म्हणाला, ते कळलं नाही. मी हात पुढे केला, सुरी परत घेतली आणि दगडावर टेकवली.