आई, तू खरी आहेस ना?

फुगडी घालून एकदम थांबलं, की घर फिरत राहतं. आपण मटकन खाली बसतो, हसतो, तोवर घर जागेवर येतं. नववीत असताना माझं घर मात्र तीन दिवस जागेवर आलं नाही! आधी साधी सर्दी झाली होती. मग डाव्या कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली.

दोस्तांनो, आपला कान नुसता ऐकत नाही. आत खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं, की हा द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि मेंदूला बातमी जाते, ‘डोकं वळलं हं!’ व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कानात गार आणि गरम पाणी सोडून ही यंत्रणा तपासायची रीत शोधली. (तुम्ही घरी करून बघू नका!) त्यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं, पण बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

माझं गरगरणं थांबलं आणि भलतंच सुरू झालं. आईबरोबर मंडईत गेले, तर भाजीवाल्यांच्या आरोळ्या लांबून येतायत असं वाटलं. माणसं पडद्यावरच्या सिनेमातली. पिशवी धरलेला माझा हातसुद्धा दुसऱ्या कुणाचा तरी! मी विचारलं, “आई, तू खरी आहेस ना?” ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून गप्प झाली.

वेड लागतंय, अशी धास्तीच बसली. भीती वाटली की श्वास भराभर चालतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं आणखी हलकं होतं. म्हणजे जग आणखी खोटं, भीती आणखी मोठी. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी सारखी मनाशी विचारायची, ‘अजून तसंच वाटतंय का?’ आणि विचारलं की वाटायचंच!

शेवटी आईनंच डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या जराही दचकल्या नाहीत. “तोलाचं दुखणं असलेल्या पुष्कळांना असं होतं, पण आपणहून कुणी बोलत नाही,” त्या म्हणाल्या. डोळे सांगतात ‘उभी आहेस’, एक कान सांगतो ‘झुलते आहेस’. मेंदूनं विश्वास कुणावर ठेवायचा? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर धडधाकट माणसांचे कान पाण्यानं असेच तपासले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनाही जग परकं वाटलं होतं. “आणि खोटं ‘वाटतंय’ हे तुला कळतंय ना? मग खरं काय तेही तुला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. औषधापेक्षा मला या वाक्याचाच जास्त उपयोग झाला.

मग व्यायाम. अंगठा समोर धरायचा, नजर त्यावर ठेवायची आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. पहिल्या आठवड्यात मळमळून जीव नको व्हायचा. शिवाय रोज मंडईत जायचं, आधी पाच मिनिटं, मग दहा, आणि घाबरायला झालं की श्वास सावकाश सोडायचा. तीन-चार महिन्यांत आरोळ्या जवळ आल्या.

अजूनही जागरण झालं किंवा परीक्षेची काळजी लागली, की मध्ये काच आल्यासारखं होतं. आईला माझ्याकडे बघूनच कळतं. ती काही विचारत नाही, मेथीची जुडी पुढ्यात टाकते आणि म्हणते, “निवड.”