रिपोर्ट दाखवा

आजारपणाचं मला आता फारसं आठवत नाही. अंग मोडून आलं, ताप आला, गेला. पण ‘निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय मॅडमनी खाली उतरू नये’ हा सोसायटीच्या ग्रुपवर आलेला निरोप आठवला की अजूनही कानशिलं तापतात. माझं नावसुद्धा नव्हतं त्यात. मॅडम म्हणजे कोण, हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

कोरोनाची साथ होती. २०२० चा ऑगस्ट. मी राष्ट्रीयीकृत बँकेत, शाखा मुंबईत, घर मध्य रेल्वेवरच्या एका लांबच्या स्टेशनाजवळ. लोकल मार्चपासून बंद होती. जुलैच्या सुरुवातीपासून आम्हा बँकवाल्यांना ओळखपत्र बघून चढू देऊ लागले, त्याआधी एसटीचे हाल. कुठून लागण झाली ते कोण सांगणार? लक्षणं सौम्य होती, म्हणून घरीच विलगीकरणात राहायची परवानगी मिळाली. फॉर्मवर ‘काळजी घेणारी व्यक्ती’ असा रकाना होता. एकट्या बाईने तिथे काय लिहायचं? समोरच्या वहिनींना फोन केला. ‘लिहा माझं नाव, त्यात विचारायचं काय?’ म्हणाल्या. मागून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, तो काही प्रेमाचा नव्हता.

आता एक कबूल करते, लोकांना ते आवडत नाही : ते दिवस मला आवडले. नोकरीला लागल्यापासून पहाटेचा गजर झाला नाही असे सलग इतके दिवस माझ्या वाट्याला कधी आलेच नव्हते. सकाळी दूध गॅसवर ठेवून खुर्चीत बसावं. वास गेलेला, त्यामुळे दूध करपलं तरी धूर डोळ्यांना झोंबेपर्यंत पत्ता लागायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाची ऑनलाइन शाळा मीच ऐकून पूर्ण केली. त्याच्या बाई तासाचा निम्मा वेळ ‘म्यूट करा रे’ म्हणण्यात घालवत. दुपारी ऑक्सिमीटर बोटाला लावून सहा मिनिटं हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारायच्या आणि आकडा बघायचा. ९४ च्या खाली गेला तर कळवा, असं सांगितलेलं. पालिकेच्या वॉर रूममधून एका मुलीचा रोज फोन यायचा. ‘आजी, ताप आहे का? ऑक्सिजन किती? जेवलात का?’ आजी! मी तेव्हा निवृत्तसुद्धा झाले नव्हते. पण चार वाजून गेले आणि फोन आला नाही की मी अस्वस्थ व्हायचे, हेही खरं.

वहिनी डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि जिन्याच्या दोन पायऱ्या चढून उभ्या राहायच्या. माझ्या आजोळी बाजूला बसलेल्या बाईचं ताट असंच लांबून सरकवलं जायचं. आजी म्हणायची, सुनेला तेवढीच सुट्टी. कॉलेजात असताना मी तिच्याशी यावरून कडाकडा भांडले होते. आता ती असती तर आमचं भांडण जरा वेगळं झालं असतं.

तर रिपोर्ट. २ जुलैला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचे गृहविलगीकरणाचे सुधारित नियम आले होते. लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस गेले आणि त्यात शेवटचे ३ दिवस ताप नसला की विलगीकरण संपलं. पुढे ७ दिवस घरीच राहून स्वतःवर लक्ष ठेवायचं. आणि स्पष्ट शब्दांत लिहिलेलं : पुन्हा चाचणी करण्याची गरज नाही. आयुष्य परिपत्रकं वाचण्यात गेलेलं, त्यामुळे मी ते ओळ न् ओळ वाचलं होतं. ते सातही दिवस मी उंबरा ओलांडला नाही. मग डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलं, बँकेने ‘सोमवारपासून या’ म्हणून कळवलं. म्हणजे रोज शेकडो लोकांच्या नोटा हाताळायला मी चालत होते. जिना उतरायला चालत नव्हते.

ग्रुपवर मी नियमांची पीडीएफ टाकली. कुणीतरी अंगठा दाखवला. सेक्रेटरींचा फोन आला, ‘मॅडम, ते सरकारचं झालं. आपल्या सोसायटीचं काय?’ या प्रश्नाला उत्तर काय देणार? तरी म्हटलं, ठीक, करते टेस्ट. लॅबवाला म्हणाला, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टर म्हणाले, गरजच नाही तर चिठ्ठी कशाची देऊ? शिवाय मेलेल्या विषाणूचे तुकडे आठवडेच्या आठवडे नाकात सापडतात, पुन्हा पॉझिटिव्ह आलात तर परत पहिल्यापासून मोजणार का? लॅबमध्ये जायचं तर १,९०० रुपये, घरी बोलावलं तर २,५००, हे सरकारने ठरवून दिलेले दर. पैशाचा प्रश्न नव्हता. पण आजारी नाही हे सिद्ध करायला चिठ्ठी, चिठ्ठी मिळवायला आजारी असणं! हे मी सेक्रेटरींना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. पण रिपोर्ट लागेल.’

मग त्यांनी साथरोग कायदा काढला, ‘आम्हाला अधिकार आहेत त्याखाली.’ मला कायदा सांगायचा म्हणजे! प्लेगच्या वेळचा, १८९७ चा कायदा. मूळचा तो जेमतेम चार कलमांचा, चहा निवायच्या आत वाचून होतो. अधिकार सरकारला आहेत. गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीचा त्यात कुठे उल्लेख नाही. तेही ग्रुपवर लिहिलं. त्यावर अंगठासुद्धा आला नाही.

सोमवारी पहाटे मी डबा भरला, पर्स घेतली आणि उतरले. आपल्याला अडवायला सांगितलंय, हे मला ठाऊक होतं. गेटवर वॉचमन खुर्चीत होता. मला बघताच त्याने मोबाइल कानाला लावला, पाठ वळवली आणि मोठ्याने गावाकडच्या पावसाची चौकशी करू लागला. मोबाइलचा दिवा लागलेला नव्हता. पंधरवडाभर तो रोज सकाळी असाच फोनवर असायचा.

सेक्रेटरी दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. तळमजल्यावरच्या आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे, त्यांची सून रिक्षात बसताना सीटला सॅनिटायझर फवारायची. तिची भीती खोटी होती का? तिने मला येऊन सांगितलं असतं तर मी आणखी महिनाभर घरी बसले असते. सोसायटीने ठराव करून सांगितलं, म्हणून नाही बसले.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आमच्याकडे घरटी रुग्ण निघाले. पाचपेक्षा जास्त झाले की अख्खी सोसायटीच प्रतिबंधित क्षेत्र, तशी पाटी गेटवर लागली. आता कोण कुणाला रिपोर्ट मागणार? सेक्रेटरी सहकुटुंब पॉझिटिव्ह होते. बरे झाल्यावर खाली उतरले, भाजी घेतली, वर गेले.

निवृत्तीनंतर रिकामी आहे म्हणून मला कमिटीवर घेतलं आणि सध्या सेक्रेटरी मीच आहे. कपाट आवरताना ठरावांचं जुनं रजिस्टर हाती आलं. ठराव व्यवस्थित लिहिलेला आहे, अक्षर सुरेख. सूचक सेक्रेटरी. अनुमोदक म्हणून समोरच्या वहिनींच्या यजमानांची सही. वहिनींना हे तेव्हा माहीत होतं का, मी विचारलेलं नाही. तो ठराव आजही कायम आहे. रद्द करायचा तर विषयपत्रिकेवर मलाच घ्यावा लागेल. दोन सभा झाल्या, अजून घेतलेला नाही. तळमजल्यावरचे आजोबा आता नाहीत, पण त्याच घरात नुकतंच बाळ आलंय.