शेवटच्या कडव्यातले नाव

रविवारी दुपारची जेवणे आटोपली की चेंबूरच्या आमच्या वस्तीत, एका दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात-आठ जण जमतो. कुणी गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले, कुणी पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, एक जण बसच्या वर्कशॉपात फिटर होते, दोन मावश्या चार घरची धुणीभांडी उरकून येतात. येताना प्रत्येकाने एक कॅसेट आणायची, तिची एकच बाजू लावायची, आणि ती कुठे मिळाली, गाणारा कोण, गाणे कुणाचे हे जेवढे ठाऊक असेल तेवढे सांगायचे, एवढाच आमचा नियम. चहा ज्याच्या घरी बसलो त्याचा. टेपरेकॉर्डर फिटरदादांचा. तो वर्षातून दोनदा तरी मान टाकतो आणि दादा त्याला उघडून, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवून पुन्हा उभा करतात.

आमची नातवंडे हसतात. मोबाईलवर बोट लावले की पाहिजे ते भीमगीत वाजते, मग या डबड्यांचा पसारा कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्हीही मोबाईलवर ऐकतो, खोटे कशाला बोलावे? पण तिथे बहुतेक वेळा गाणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि लिहिणाऱ्याचा पत्ता नसतो. कॅसेटच्या आतल्या कागदावर, बारीक अक्षरात का होईना, 'गीत' म्हणून एक ओळ असायची. आम्ही एक दोनशे पानी वही केली आहे. गाणे, गाणारा, लिहिणारा आणि कॅसेट कुणाची, असे चार रकाने. त्यातला तिसरा रकाना भरताना आमचा घाम निघतो.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली, पण आमच्यासारख्यांच्या घरात ती शिरली १९८० नंतर. त्याआधी ग्रामोफोन कुणाकडे? जुन्या तव्याच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे बसायचे, आणि ते कुणाचे बसवायचे हे कंपनी ठरवायची. आमचे गाणे तव्यावर नव्हते, मैदानात होते. भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले, गावोगाव पायपीट केली. कर्डकांनी पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' या नावाने त्या सगळ्याची हकिकत लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला काही तरी कळते. पुढे कॅसेट आली आणि गल्लीतला गायकही बाजारात पोचला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागायचे. वीस-पंचवीस रुपयांना एक. घरी भाजी कमी आणू, पण एक नवी कॅसेट न्यायचीच, अशी आमची गत होती.

प्रल्हाद शिंद्यांवरून मात्र आमच्यात एकदा जुंपली. त्यांच्या भीमगीतांवर सगळ्यांचा जीव, पण त्यांचेच पंढरीचे गाणे एका मावशीने आणले तेव्हा गिरणीवाले मामा उठून बाहेर गेले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालणार नाही, म्हणाले. मावशी म्हणाल्या, "गळा तोच आहे ना? मी गळा ऐकते, देव नाही." मामा गाणे संपेपर्यंत ओट्यावर बसले आणि मग आत येऊन मुकाट्याने चहा प्याले. तेव्हापासून ते गाणे लागायचे असले की त्यांना आधी सांगतो. त्यांची बिडी तेवढ्यात ओढून होते.

असो. सांगायचे होते ते नावाबद्दल.

आपल्याकडे गाणे लिहिणारा आपले नाव शेवटच्या कडव्यात ओवतो. तुकोबा, नामदेव, चोखोबा, जनाबाई सगळ्यांनी ते केले. पठ्ठे बापूरावांच्या लावणीत ते आहे, गझल-कव्वालीतही आहे. वामनदादा कर्डकांनी तर तीच रीत पाळली, शेवटी 'वामन' आला की समजायचे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेला हा माणूस. मुंबईत कष्ट करता करता मोठेपणी अक्षर शिकला आणि १९४३ पासून लिहू लागला तो शेवटपर्यंत. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. लिहिणारा आणि गाणारा दीड महिन्याच्या आत. त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत दुसरे काही वाजत नव्हते.

नावाची ही युक्ती गाणाऱ्यांनीही वापरली आहे बरे का. कलकत्त्याला १९०२ साली गौहरजान यांच्या गाण्याच्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःच्या तोंडाने आपले नाव इंग्रजीत सांगत. कारण साधे होते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला हिंदुस्थानी गाण्यातले काय कळणार? शेवटी नाव ऐकले की तो तेच लेबलावर लावायचा. फिटरदादांनी हे सांगितले तेव्हा मामा म्हणाले, "म्हणजे बाईने कारखान्याचा भरवसा धरला नाही. शहाणी होती."

पण शेवटचेच कडवे कापले तर? आमच्या गाण्यांचे तेच झाले. मैदानात पाच कडव्यांचे गाणे रात्रभर खुलवता येते. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, त्यात पाच-सहा गाणी कोंबायची. मग तीन कडवी घ्यायची, उरलेली गाळायची. गाळलेल्या कडव्याबरोबर माणूसही गळतो.

फिटरदादांकडे १९९० च्या सुमारास घेतलेली एक कॅसेट आहे. तिच्यात रमाईवरचे एक गाणे आहे, ऐकताना मावश्यांचा पदर डोळ्याला लागतोच. आतल्या कागदावर गीतापुढे छापले आहे 'पारंपरिक'. आम्हाला त्याचे हसू आले आणि रागही. रमाई गेल्या २७ मे १९३५ रोजी. त्यांच्यावरचे गाणे पारंपरिक कसे होईल? कुणी तरी ते बसून लिहिले असेल ना? मग आम्ही मोठ्या ऐटीत वहीत लिहिले, 'वामनदादा'. धाटणी त्यांचीच वाटत होती. पुरावा? काही नाही.

वर्षभराने शेजारच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या मावशी आमच्यात आल्या. त्यांचे मालक कलापथकात ढोलकी वाजवायचे, आता नाहीत. मावशींनी पिशवीतून एक कॅसेट काढली. साठ मिनिटांची, पाठीमागची दोन्ही प्लास्टिकची दाते मोडलेली, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाऊ नये अशी मालकांनी घेतलेली काळजी. १९८४ च्या भीमजयंतीला वस्तीतल्याच मंडपात उसन्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. फीत आत गुंतली होती. दादांनी पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळली.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी तेच रमाईचे गाणे लागले. मध्ये पोरांचा गलका, कुणाचा खोकला, आणि खाली मावशींच्या मालकांची ढोलकी. तीन कडवी ओळखीची. चौथे आम्ही जन्मात ऐकले नव्हते. पाचव्याला गाणाऱ्याने आवाज चढवला, पहिली ओळ पुरी केली, आणि खट्. फीत संपली.

आम्ही एकमेकांकडे बघतो आहोत तोच मावशी गाऊ लागल्या. खाली मान घालून, दोन्ही हातांनी मांडीवर ठेका धरून त्यांनी ते कडवे पुरे केले. शेवटच्या ओळीत नाव होते, पण वामन नव्हते. ते होते त्यांच्या मालकांच्या सोबत्याचे. रेल्वेच्या यार्डात काम करणारा माणूस, पाळीवरून आला की ओट्यावर बसून लिहायचा. "त्यांची एक वही व्हती," मावशी म्हणाल्या. "ते गेल्यावर पुढं काय झालं, ठावं नाही."

इथे आमचे चुकले. आमच्यातल्याच एकाने विचारले, "नाव गाणाऱ्याने मागून घातले नसेल कशावरून? असे पुष्कळ करतात." दुसऱ्याने री ओढली. मावशींनी कॅसेट काढली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली. "ढोलकी माझ्या धन्यानं वाजवली. चाल माझ्या घरात बसली. आन् तुम्ही मला शिकवता?" एवढे बोलून त्या गेल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

आम्हाला ते फार लागले. पुरावा मावशींकडे मागणारे आम्ही, वामनदादांचे नाव लिहिताना कुणाकडे पुरावा मागितला होता? मोठ्या माणसाच्या खात्यावर जमा करून टाकले, झाले. वामनदादांच्या हजारो गाण्यांत एकाची भर पडून त्यांचे काय वाढणार होते? आणि त्या यार्डातल्या माणसाचे, कुणी सांगावे, लोकांच्या तोंडी राहिलेले हे एकच असेल. कंपनीने 'पारंपरिक' छापले म्हणून आम्ही तावातावाने बोलत होतो. आमच्या वहीने त्याहून वेगळे काय केले?

तिसऱ्या रविवारी आम्ही सगळे मावशींच्या दारात गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणाल्या, पण ताट बाजूला ठेवले नाही. मामांनीच तोंड उघडले. त्यांनी वही पुढे केली, वामनदादांचे नाव खोडलेले दाखवले आणि म्हणाले, "आक्का, तुम्ही सांगाल ते लिहितो." मावशी म्हणाल्या, "माझं नका ऐकू. त्यांची लेक मनमाडला दिली आहे, तिला इचारा."

फिटरदादांनी दोन आठवडे फोन करून करून पत्ता काढला. ताईंनी फोनवर आधी काहीच ओळख दाखवली नाही. मग मावशींनी फोन घेतला, दोन ओळी म्हणून दाखवल्या, आणि पलीकडून पाचवे कडवे जसेच्या तसे आले. एका शब्दाचा फरक. मावशी म्हणतात आपला बरोबर, ताई म्हणतात बापाने असाच लिहिला. वही त्यांच्या भावाकडे गावी आहे, असेही कळले. किती शिल्लक आहे ते बघितल्यावर कळेल.

नाव आम्ही इथे छापत नाही. वही हाती आल्यावर भावाला विचारून छापू, असा ताईंना शब्द दिला आहे. वैशाख पौर्णिमा झाली की ती घेऊन त्या येणार आहेत. त्याआधी मावशींची कॅसेट मोबाईलमध्ये भरून घ्यायची आहे, कारण फितीवरची तपकिरी भुकटी आता हेडला चिकटू लागली आहे. आणखी चार-दोनदा वाजेल, जास्त नाही. टेपरेकॉर्डरचा पट्टाही सैल झाला आहे, ढोलकी वाजता वाजता मध्येच रेंगाळते. दादा लॅमिंग्टन रोडला पट्टा शोधायला जाणार आहेत. मावशी म्हणाल्या, मीही येते, दुकानदाराला आधी ढोलकी ऐकवू, मग पैसे देऊ.