पेढ्याची माहुली

साताऱ्याचा वीकेंड म्हणजे काय, तर कास, ठोसेघर, वाटेत गरमागरम भजी आणि परतताना पिशवीभर कंदी पेढे. एवढं झालं की पुण्या-मुंबईच्या गाड्या हायवेला लागतात. माहुलीकडे कुणी वळत नाही. बरोबरच आहे म्हणा, साताऱ्याची स्मशानभूमी तिथे आहे. आमच्या घरात 'माहुलीला नेलं' एवढंच म्हणतात, पुढचं विचारायचं नसतं.

पण जागा सॉलिड आहे. शहरापासून जेमतेम पाच किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णा दोघी निघतात महाबळेश्वरातून. एक वाईवरून फिरून येते, दुसरी मेढ्यावरून आणि माहुलीत पुन्हा भेटतात. अलीकडे संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे इथलेच. श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलेलं विश्वेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ अलीकडच्या काठावर आहे. भर दुपारीही आत गार वाटतं. १७४९ साली गेलेल्या, सातारच्या गादीच्या थोरल्या शाहू महाराजांची समाधीही इथेच. राजघराण्यातल्या आणखीही काही समाध्या आहेत.

आणि त्यांच्यातच एक कुत्र्याची. दगडी चौथरा, त्यावर दगडाचाच कुत्रा. सातारकर त्याला खंड्या म्हणतात. पावसाळ्यात नदी फुगते तेव्हा इकडे फिरकू नका. हिवाळ्यात या, गावात विचारा, कुणीही दाखवेल.

खंड्याची गोष्ट जेम्स ग्रँट डफने लिहून ठेवलीय. हा साहेब १८१८ पासून काही वर्षं साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून आला. त्यात तो सांगतो, की वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने शाहू महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखी दिली. एकदा भर दरबारात त्याला जरीची वस्त्रं आणि दागिने चढवले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफसाहेबाने हे सगळं महाराजांच्या डोक्यावर परिणाम झाल्याच्या खात्यात टाकलंय. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी सांगावं, यात वेड कुठे आहे?

आमच्या पेढ्याची पालखी म्हणजे बाबांची स्कूटर. मी नववीत होते तेव्हा हे पिल्लू दादाला मोती चौकात, पेढ्यांच्या दुकानाबाहेर सापडलं. रंगही तोच, खरपूस भाजलेला. जातीबितीचा काही संबंध नाही, शंभर टक्के गावठी. दर रविवारी सकाळी स्कूटरच्या फूटबोर्डवर उभा राहून, कान मागे टाकून साहेब माहुलीला निघायचे. गाडी थांबायच्या आत उडी, घाटाच्या पायऱ्यांवरून खाली आणि थेट पाण्यात. एकदा कुणाच्या तरी दहाव्याला कावळा शिवायच्या ऐन क्षणी पेढ्या पिंडाकडे धावला होता. बाबांनी त्या मंडळींची हात जोडून माफी मागितली. घरी येऊन आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. आई सोडून.

चौदा वर्षं झाली त्याला. मी पुण्यात, दादा हिंजवडीत. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांचं असंच असेल. आपण जॉब बदलतो, फ्लॅट बदलतो, आणि घरचा कुत्रा फोनवरच म्हातारा होतो. आई व्हॉट्सअ‍ॅप कॉल करते, फोन त्याच्या तोंडासमोर धरते, आपण 'पेढ्या, पेढ्या' ओरडतो. स्क्रीनवर नुसता एक कान दिसतो.

दिवाळीनंतर त्याच्या किडन्या गेल्या. मग मागचे पाय. एक दिवसाआड सलाईन सुरू झालं. 'आता त्याला त्रास होतोय, तुम्ही ठरवा,' असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. ठरवायचं बाबांनी होतं आणि ते विषय काढला की गॅलरीत जायचे. शेवटी जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री मी आणि दादा घरी पोहोचलो.

रविवारी स्कूटर नव्हे, दादाची कार काढली. मागच्या सीटवर गोधडी, गोधडीवर पेढ्या. घाटाच्या वरच्या पायरीवर बाबांनी त्याला उतरवलं. एरवी तो बाणासारखा सुटायचा. आता नुसता पाण्याकडे बघत राहिला. मग हळूच खाली बसला. तिथे एक आजोबा धोतर पिळत होते. त्यांनी विचारलं, "किती वरसाचं झालं म्हणायचं?" चौदा म्हटल्यावर म्हणाले, "लई जगलं की." बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पेढ्याला उचललं, एकेक पायरी सांभाळत खाली नेलं आणि त्याचे पुढचे पाय पाण्यात टेकवले. तो प्यायला नाही. बराच वेळ नाक वर करून वास घेत होता.

येताना आम्ही खंड्यापाशी थांबलो. मी तिथे कॉलेजच्या मैत्रिणींसोबत शंभरदा फोटो काढलेत, पण आजीचं सगळं इथेच करून झाल्यावरही मला कधी हे सुचलं नव्हतं, की माणसासाठी आपल्याकडे दहावं-तेरावं आहे, भेटायला येणारी माणसं आहेत, चहा-बिस्किटं आहेत. कुत्र्यासाठी यातलं काहीच नाही. त्याला कुठे ठेवायचं इथपासून सुरुवात. बाबांनी चौथऱ्यावर हात ठेवला आणि दादाकडे न बघताच म्हणाले, "उद्या बोलाव त्यांना."

रात्री दादाने ऑफिसच्या सिस्टीममध्ये रजा टाकली. कारणांच्या यादीत आपलं कारण सापडेना, म्हणून 'सिक'वर क्लिक केलं. मी एका एडिटरला मेसेज केला, कॉपी बुधवारी देते.

सोमवारी डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो घोरायला लागल्यावर दुसरं. विचारायला लाज वाटते, पण सगळ्यांना विचारायचं असतं, म्हणून सांगते: दुखत नाही. बाबांच्या मांडीवर डोकं होतं, पाच मिनिटंही लागली नाहीत.

कोरेगाव रस्त्याला काकांचं शेत आहे. तिथे दादाने आणि चुलतभावाने कमरेएवढा खड्डा खणला, मीठ टाकलं. पेढ्याला त्याच्या गोधडीतच ठेवायचं ठरलं होतं. आईने गाडीतून पिशवी आणली. बाबांना रिटायरमेंटला मिळालेली जरीच्या काठाची शाल, सात वर्षं कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत घडी घालून ठेवलेली. आम्हाला कुणाला तिने कधी हात लावू दिला नव्हता. तिने घडी मोडली, पेढ्याच्या अंगावर घातली, आणि कानापाशी नीट खोचली.