आजोबांची दुनळी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा वेगळा आहे. आणि घरच्यांपैकी जे हे वाचतात त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

आमच्या मंद्रूपच्या घरात एक बाराबोरची दुनळी बंदूक आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. पिकात डुकरं आणि हरणं शिरायची म्हणून आजोबांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. परवाना आधी आजोबांचा, मग आण्णांचा, मग दादाचा. दादा गेल्या वर्षी गेला. आता सगळे सोपस्कार होऊन ती पुतण्याच्या नावावर झाली. (शंभर वर्षांवरच्या बंदुकीला परवाना लागत नाही असं गावात बरेच जण छातीठोक सांगतात. तसं नाही. जी दुरुस्त करूनही चालणार नाही अशी जुनी बंदूकच कायद्यातून सुटते. आमची चालते.)

पुतण्याला जाणून घ्यायचं होतं की ही मूळची किती शिल्लक आहे आणि नंतरची किती. म्हणून बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका वयस्कर कारागिरांकडे आम्ही दोघं ती घेऊन गेलो. मला वाटलं होतं ते आधी कंपनीचं नाव बघतील. त्यांनी नावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहिला, मोकळी आहे याची खात्री केली आणि मग भिंग घेऊन बघू लागले ते स्क्रू!

म्हणाले, "गुरुजी, नाव खोटं घालता येतं. स्क्रू खोटं बोलत नाही." चांगल्या बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा कारखान्यातच एका रेषेत, बंदुकीच्या लांबीला धरून बसवलेल्या असतात. खाच तिरकी दिसली किंवा तिच्या कडा चावल्यासारख्या झाल्या असल्या, तर कुणीतरी भलत्या पेचकसाने उघडझाप केली असं समजायचं. आमच्या दोन खाचा सरळ होत्या, एक चावलेली.

मग नळ्या वेगळ्या करून दोरीला टांगल्या आणि लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारली. टण्ण! आपण बाजारात माठ वाजवून घेतो ना, तसंच. दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाग सुटला असेल तर आवाज बद्द येतो.

बाराबोर म्हणजे काय हेही मला या वयात कळलं. नळीच्या आत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं की ती बाराबोर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक! चौतीस वर्षं शाळेत व्यस्त प्रमाण शिकवलं, पण इतकं झकास उदाहरण कधी हाती लागलं नाही.

नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर ठसे आहेत. इंग्लंडात नळी जादा दारू भरून उडवून पाहिल्याशिवाय विकायला बंदी होती. बर्मिंगहॅमचं असं तपासणीघर 1813 सालचं. आमच्या नळीवर त्यांचा ठसा आहे आणि शेजारी इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल'. नळीचं तोंड थोडं आवळलेलं आहे, छर्रेच वापरा, अख्खी गोळी घालू नका, असा त्याचा अर्थ. हे शब्द 1875 ते 1887 याच काळात ठोकत. म्हणजे आजोबांनी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती.

दस्ता अक्रोडाचा. लाकूड लोखंडाला भेटतं तिथे ते केसभर वर असावं लागतं. कुणी तासून पॉलिश केलेलं असेल तर ते लोखंडाच्या खाली जातं. आमचं वर आहे. मात्र दस्त्याच्या मानेला चीर गेली होती तेव्हा आण्णांनी आमच्या गावच्या सुताराकडून तांब्याची तार गुंडाळून घेतली होती. कारागीर म्हणाले, हौशी माणूस या तारेपायी भाव पाडणार. पाडू दे. ती तार मला मूळच्याइतकीच मूळची वाटते.

आता नळीकडे येतो. इथेच खरा मुद्दा आहे.

आमच्या नळ्या भांड्यासारख्या पांढऱ्याफटक आहेत. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही कुणीतरी घासलीय." मग नळीखालचा, हाताने धरायचा लाकडी तुकडा काढून ठेवला होता, त्याच्या खालची जागा त्यांनी दाखवली. तिथे चार बोटं जागेत तांबूस-तपकिरी रंग आणि त्यात नागमोडी नक्षी, सापाच्या कातेसारखी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून अशी नळी बनवत. तिला दमास्कस म्हणतात. नक्षी उठून दिसावी म्हणून आम्ल लावून मुद्दाम गंज चढवायचा, पुसायचा, पुन्हा चढवायचा. लोखंड एका छटेचं होतं, पोलाद दुसऱ्या. म्हणजे तो रंग गंजच, पण हौसेने वाढवलेला.

पुतण्या हसून म्हणाला, "बाबांचा पराक्रम! घरात सगळ्यांना माहितेय. खंडेनवमीला घासली आणि आजोबांचा मार खाल्ला."

1963 साल. मी बारा वर्षांचा होतो. खंडेनवमीला शस्त्रं साफ करायचं काम दादाचं असायचं. तलवार आणि विळे तो विटकरीच्या भुकटीने चकचकीत करायचा, बंदुकीला मात्र नुसता तेलाचा बोळा. त्या दिवशी तो पूजेची फुलं आणायला गेला. मला बंदुकीवर गंज दिसला. सुताराकडून काचकागदाचा तुकडा आणला आणि दुपारभर घासलं. आण्णा खूश होतील असं वाटलं होतं. आण्णांनी नळी पाहिली आणि विचारलंसुद्धा नाही, थेट दादाच्या कानशिलात मारली. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलला काही नाही. तेव्हाही नाही, नंतर साठ वर्षांत कधीच नाही. मीही नाही.

कारागीर सांगत होते की नळ्या पुन्हा रंगवता येतील, नक्षी येईल, पण जाणकाराला ते नवं काम म्हणून लगेच ओळखू येईल. पुतण्याने विचारलं, "काका, करून घेऊ या का?"

मी म्हटलं, "बाबांनी नव्हती घासली. मी घासली."

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग लाकडी तुकडा उचलून जागेवर बसवला, खट्ट आवाज आला, आणि म्हणाला, "राहू दे तशीच."

परतीच्या वाटेवर वडकबाळ येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. तिथे चहाला थांबलो तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "आईला माहितेय?"

नाही. वहिनी, तुम्ही हे वाचाल तेव्हा कळेल.